चाकामागची उटी

"म्या उटी म्हनलो. उटी. गावाचं नाव न्हाई घेतलं."

"सारं भिंगार म्हनतंय घेतलं."

"भिंगार आलं हुतं का तिथं?"

"भिंगार नव्हतं, पन मोबाईल हुता. माज्या डोळ्यांनी बगितलंय म्या. नाकातोंडाला मास्क, अंगावर मिलिट्रीचं बिलँकेट, आन् तुमी हसताय. हसताय म्हंजी काय, पाय झाडून हसताय."

लंकाबाईने हातावरची भाकरी तव्यात अशी आपटली की मच्छिंद्रने आपलं ताट हळूच मागे ओढून घेतलं.

"आजारी मानूस हसंल न्हाईतर रडंल. त्यात तुजं काय गेलं?"

"माजं?" लंकाबाईने उलथणं खाली ठेवलं. "घरात कवा हसला तसं? लगीन झाल्यापास्नं एकदा तरी? सांगा, म्हंजी सोमवारी म्या डाक्टरीनबाईला तसं सांगते. मला खोटं बोलाय लावू नका."

मच्छिंद्रने घास तोंडात धरून विचार केला. प्रामाणिकपणे केला.

"स्नेहलच्या लग्नात हसलो की."

"फोटुवाला म्हनला म्हून. दात दिसले. हसू न्हाई दिसलं."

लेकीच्या लग्नाचा अल्बम कपाटात होता, आणि लंकाबाईचं म्हणणं त्यात पानोपानी छापलेलं होतं.

भिंगारच्या त्या दोन खोल्यांत हा वाद आठवडाभर चालू होता. सकाळच्या चहाबरोबर तो उकळायचा आणि रात्री भाकरीबरोबर पुन्हा फुगायचा. मूळ प्रश्न साधाच होता. मच्छिंद्रला पुन्हा एकदा लडाखला जायचं होतं. पुढची थंडी सरली की तो रिटायर होणार, त्यामुळे यंदाचा उन्हाळा शेवटचा. आणि जाऊ द्यायचं की नाही, हे आता लंकाबाईच्या एका शब्दावर येऊन अडलं होतं.

मच्छिंद्रची नोकरी लष्कराच्या गाड्या तपासणाऱ्या खात्यात. अंगावर गणवेश नाही, खांद्यावर बंदूक नाही. साधा सिव्हिलियन ड्रायव्हर, पण नवी अवजड गाडी फौजेत भरती होण्याआधी याच्या हाताखालून जायची. वाळवंटात नेऊन तापवायची, चिखलात रुतवायची, आणि सगळ्यात शेवटी लडाखच्या डोंगरावर, जिथे हवासुद्धा तोलूनमापून मिळते, तिथे पुरतं ओझं लादून चढवायची. ओझं कसलं, तर वाळूच्या गोण्या. त्या इथेच मोजून, शिवून, शिक्का मारून जायच्या. म्हणजे नगरची वाळू देशभर फिरून जायची कुठे, तर जिकडे पाहावं तिकडे वाळू आणि दगडच पसरलेत अशा जागी. मच्छिंद्रला हे सांगताना फार गंमत वाटे. "आमची वाळू फिरून आली, आमची लंका अजून औरंगाबाद ओलांडून गेली न्हाई," असं तो एकदा चहाच्या टपरीवर म्हणाला होता. ते लंकाबाईच्या कानावर गेलं. त्या रात्री आमटीत मीठ नव्हतं.

गाडी तो शिकला थोरल्या चुलत्याकडे. रंगनाथकाका उसाचा ट्रक चालवायचे, करंजी घाटातून श्रीरामपूरच्या बाजूच्या कारखान्यापर्यंत. ट्रक म्हणजे चाकांवर निघालेलं उसाचं शेतच. घाटात चढावर तो थांबला की काकांचा हुकूम ठरलेला, आधी उटी, मग बिडी. उटी म्हणजे चाकामागे अडसर म्हणून लावायचा दगड. काकांचा ब्रेकवर विश्वास नव्हता. ब्रेक कंपनीचा, दगड आपला, असं ते म्हणायचे. मच्छिंद्र पळत जाऊन मागच्या चाकाला दगड लावायचा, वर टाच मारून घट्ट करायचा, आणि मगच काका बिडी शिलगावायचे. पुढे तो सरकारी नोकरीत लागला, गाड्या कोट्यवधींच्या आल्या, ब्रेक हवेचे झाले, पण चढावर गाडी थांबली की त्याच्या तोंडून तो शब्द निघायचाच. देवळापुढून जाताना हात जोडले जातात, तसा.

लडाखच्या गोष्टी सांगताना मात्र त्याच्या अंगात वारं भरायचं. एरवी घरात तो देवळातल्या नंदीसारखा, बसला की बसला. पण कोणी विचारलं की पोळपाट हातात घ्यायचा, तेच स्टिअरिंग. पाटावर बसून डावा पाय झाडायचा, तो क्लच.

"तिथं रस्ता नसतो," तो सुरू करायचा. चाचणी घेणारे सेल्वम साहेब पुढे चालत जाऊन चुन्याची रेघ मारायचे, ती रेघ म्हणजे रस्ता. गाडी तिच्यावरून सरळ वर. समोरच्या काचेत जमीन दिसतच नाही, नुसतं निळं आभाळ. आभाळात पहिला गिअर टाकायचा. इंजिनाला माणसासारखी धाप लागते, धूर काढतं, कण्हतं, आणि तुम्हाला वाटतं खाली उतरून त्याच्या पाठीवर हात फिरवावा. भात शिजत नाही. घरून नेलेल्या चिवड्याची पाकिटं उशीएवढी फुगतात. एकदा लंकाच्या हातचा चिवडा तंबूत फुटला तेव्हा पहारेकरी धावत आला होता. पोचल्यावर पहिले काही दिवस काहीच करायचं नाही, नुसतं बसायचं आणि पाणी प्यायचं. डोकं इतकं हलकं होतं की टोपी आहे म्हणून ते जागेवर राहतं.

आणि मग तो क्षण. ओझ्याची गाडी शेवटच्या टेकाडावर जाते, पुढची चाकं सपाटीला लागतात, काचेतून आभाळ खाली सरकतं आणि साऱ्या जगाचे डोंगर एकदम पुढ्यात. तिथे मच्छिंद्रला दरवेळी काहीतरी व्हायचं. काय, ते त्याला सांगता येत नसे. तो पोळपाट वर उचलायचा आणि तसाच धरून ठेवायचा. लंकाबाई आतून म्हणायची, "झालं असंल तर पोळपाट द्या, पोळ्या राह्यल्यात."

गेल्या वर्षी घडलं ते असं.

चढावर थांबून पुन्हा निघायची चाचणी होती. पुरती भरलेली गाडी चढाच्या मध्यावर उभी करायची, इंजिन बंद, मोजमापं घ्यायची, मग पुन्हा चालू करून वर न्यायची. नेहमीचा जोडीदार छगन, हा नगरचाच, डोकं धरून तंबूत पडला होता. त्याच्या जागी गाडीबरोबर होता पंजाबचा हवालदार बलजीत. सेल्वम साहेब खालून वॉकीटॉकीवर. सेल्वम साहेब कुन्नूरचे, म्हणजे नकाशातल्या उटीच्या अगदी शेजारचे. आई अजून तिकडेच.

मच्छिंद्रने गाडी उभी केली, ब्रेक ओढला. ब्रेक लागला. पण चाकाखालची खडीच सुटी होती. चाकं न फिरता गाडी वीतभर मागे सरकली. बाकावर शेजारच्याला जागा द्यावी तशी. मग आणखी बोटभर. मागे खोल दरी होती का? ऐकणारे नवे असले की असते. जुने असले की मच्छिंद्र कबूल करतो, दरी नव्हती, पण सेल्वम साहेबांची जीप होती.

"उटी! उटी लावा!" तो वॉकीटॉकीत ओरडला.

खालून उत्तर आलं, "ऊटी? मच्छिंद्र, व्हॉट ऊटी?"

"साहब, पीछे उटी! जल्दी!"

मग साहेबांचा आवाज आला, लहान मुलाला झोपेतून उठवताना काढावा तसा मऊ. "मच्छिंद्र, पीछे ऊटी नहीं है. पीछे लेह है."

तोवर बलजीतला भाषा कळली नसली तरी चाक दिसत होतं. त्याने उडी मारून दोन मोठे दगड चाकांमागे सारले होते. गाडी थांबली. मच्छिंद्रच्या छातीतली धडधडही जराशी थांबली, आणि त्या मोकळ्या झालेल्या जागेत हसू शिरलं. पीछे लेह है. त्याला रंगनाथकाका दिसले, करंजी घाटात बिडी धरून मागे वळून लेह बघणारे. तो हसत सुटला. स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसला, तेव्हा हॉर्न वाजला, त्यामुळे आणखी हसला.

साहेब धापा टाकत वर आले तेव्हा ड्रायव्हरच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. साहेबांनी त्याला त्याचं नाव विचारलं, आज वार कोणता ते विचारलं. मच्छिंद्रने ते सांगितलंही असतं, पण आधी गैरसमज दूर करावा असं त्याला वाटलं. तो हसू आवरत म्हणाला, "साहब, हमारे उधर हर गाडी के पीछे उटी होता है."

बस. त्यानंतर त्याला कोणी काही बोलू दिलं नाही. मास्क लावला, ब्लँकेटात गुंडाळला, आणि डोक्यात हवा कमी पडून माणूस भरकटला म्हणून रुग्णवाहिकेतून खाली रवाना केला. मास्कच्या आतही तो हसतच होता. बलजीतने ते मोबाईलमध्ये टिपलं आणि काळजीपोटी छगनला पाठवलं. छगनने काळजी सोडून बाकी सगळं घेऊन ते भिंगारभर पाठवलं. शेवटी स्नेहलच्या फोनवरून ते लंकाबाईने पाहिलं. एकदा पाहिलं, मग म्हणाली, परत लाव.

यंदा खात्यात नव्या डॉक्टर आल्या होत्या, नीलांबरी मॅडम. त्यांनी मच्छिंद्रला तपासलं, छाती ठीक, रक्त ठीक. मग म्हणाल्या, "माझी एकच शंका आहे. ते हसणं. स्वभावच तसा असेल तर प्रश्न नाही. पण एरवी हसतच नसाल, तर ते उंचीमुळे झालं असं मला धरावं लागेल, आणि मग मी तुम्हाला वर पाठवणार नाही. सोमवारी घरच्यांना घेऊन या. त्यांनाच विचारते."

घरच्यांना. म्हणजे जी बाई जावयासमोरसुद्धा "भाजी बिघडलीय, कमी घ्या" असं सांगते, तिला.

शनिवारी मच्छिंद्रला युक्ती सुचली. बायकोला खोटं बोलायला नको ना? मग खरंच करून टाकू. सोमवारच्या आत घरात हसायचं.

लंकाबाई मोरीत भांडी घासत होती. मच्छिंद्र खुर्चीवर ताठ बसला, वर्तमानपत्र धरलं आणि हसला. पहिलं हसू घशात अडकलं. दुसरं निघालं, पण ते ट्रक हवा सोडतो तसं, फुस्स करून. तिसऱ्यांदा त्याने जोर लावला तेव्हा लंकाबाई राखेच्या हातांनी बाहेर आली.

"काय झालं? ठसका लागला?"

"हसतोय."

"कशाला?"

मच्छिंद्रने वर्तमानपत्राकडे पाहिलं. समोर कांद्याचे बाजारभाव होते. "हितं एक गंमतीचं आलंय," तो म्हणाला आणि पुन्हा जोर लावला.

एवढ्यात शेजारची धनश्री दारात आली. हातात पाण्याचा तांब्या. तिने विचारलं, काकांच्या घशात काही अडकलंय का, पाठीत बुक्की मारू का.

"न्हाई गं बाई," लंकाबाई म्हणाली, "काका लडाखची तयारी करतायत."

धनश्री गेली. लंकाबाई तिथेच उभी राहिली. मग तिने वाद पुन्हा उकरला, पण आवाज खाली आणून. मरायबिरायची भीती तिला वाटत नव्हती, ती म्हणाली. नोकरीआधी तो उसाच्या ट्रकवर होता, तेव्हाच तिचं भिऊन झालं होतं. तिला दुसरंच लागलं होतं.

"त्यो डोंगर काय देतो तुमाला? ना पानी, ना झाड, ना हवा. म्या हितं ताजी भाकरी देते, तर तोंड असं. आन् तिथं कच्चा तांदूळ खाऊन तुमी पाय झाडून हसताय. म्या तो इडिओ बगितला तवा स्नेहल घाबरली. म्या न्हाई घाबरले. मला राग आला. म्हनलं, ह्या मानसाला इतकं हसाय येत हुतं, आन् मला म्हाईतच न्हाई."

मच्छिंद्रने वर्तमानपत्राची घडी घातली. पुन्हा उलगडली. लडाखच्या चढावर गाडी बंद पडली की काय करायचं, ते त्याला ठाऊक होतं, इथलं नव्हतं.

"मंग सोमवारी काय सांगनार?" एवढंच तो म्हणाला.

"जे हाय ते."

सोमवारी लंकाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून निघाली. दवाखान्याची खोली लहानशी, दाराला हिरवा पडदा, मध्ये एक लोखंडी टेबल. टेबलाचा एक पाय आखूड होता. मॅडमनी कोपर टेकलं की ते त्यांच्याकडे झुकायचं, उचललं की पाहुण्यांकडे. नुकताच आलेला चहा कपातून बशीत आणि बशीतून टेबलावर असा प्रवास करत होता. मच्छिंद्रने पाहिलं, लंकाबाईचं लक्ष मॅडमकडे नव्हतंच. ती त्या पायाकडे बघत होती.

मॅडमनी आधी त्याला सगळं पुन्हा सांगायला लावलं. तो जमेल तितका शुद्ध बोलत होता.

"आणि तुम्ही ओरडलात, उटी."

"व्हय. म्हणजे हो."

"चंदनाची?" मॅडमनी अगदी खरेपणाने विचारलं. "आमच्याकडे उन्हाळ्यात गणपतीला उटी लावतात. इतक्या थंडीत तुम्हाला ती का आठवली असेल?"

आता समजावत बसलो तर याही मास्क मागवतील, अशी मच्छिंद्रला धास्ती वाटली.

मॅडम लंकाबाईकडे वळल्या. "काकू, नीट आठवून सांगा. तो व्हिडिओ तुम्हीही पाहिलाय. घरी असे हसतात का कधी हे?"

लंकाबाईने नवऱ्याकडे पाहिलं नाही. तिची जीभ टाळूला लागलेली मच्छिंद्रला दिसली, म्हणजे शब्द 'न' वरून सुरू होणार होता. त्याच्या डोळ्यांपुढून समोरची काच सरकली, तिच्यातलं निळं आभाळ सरकलं, आणि गाडी बोटभर मागे आली.

उत्तर ऐकू यावं म्हणून मॅडम पुढे वाकल्या. त्यांची दोन्ही कोपरं टेबलावर आली. टेबल धाडकन झुकलं आणि कप, बशी, चहा, सगळं मॅडमच्या पांढऱ्या कोटात.

"अवं बाई," लंकाबाईच्या तोंडून निघालं, "आदी त्या टेबलाला उटी लावा, मंग काय इचारायचं ते इचारा."

आणि ती थांबलीच नाही. खाली वाकली, हातमोज्यांच्या रिकाम्या खोक्याचं झाकण टरकन फाडलं, त्याची घडी घातली, पुन्हा घातली, टेबलाखाली शिरली आणि ती घडी आखूड पायाखाली सारून वर मुठीने दोन ठोसे दिले. रंगनाथकाकांनी बिडी शिलगावली असती, इतकं पक्कं.

मॅडम कोट झटकायचं विसरून टेबलाखाली बघत होत्या. "ही उटी?" त्यांनी विचारलं. "म्हणजे हीच? चाकाला?"

"मंग काय," टेबलाखालून आवाज आला. "आमच्याकडं हर टेबलाच्या मागं असती."

ते वाक्य मच्छिंद्रने ऐकलं आणि त्याच्या पोटातून काहीतरी वर चढायला लागलं. पहिल्या गिअरमध्ये, कण्हत. त्याने ओठ दाबून धरले, नाकाने हवा सोडली, काही उपयोग झाला नाही. पीछे ऊटी नहीं है. सेल्वम साहेब टेबलाखाली वाकून लेह शोधतायत असं त्याला दिसलं, आणि पुढची चाकं सपाटीला लागली. तो हसला. खुर्ची कुरकुरली. त्याने एक पाय झाडला, मग दुसरा. डोळ्यांतून पाणी आलं. त्याने हात टेकायला टेबल धरलं, ते हललं नाही, तर त्यालाही तो हसला. मॅडमनी हसू आवरायचा प्रयत्न केला, मग स्टेथोस्कोप तोंडावर धरला, मग तोही सोडून दिला आणि ओल्या कोटासकट खुर्चीत मागे रेलल्या. पडद्याबाहेरून कुणीतरी डोकावलं आणि घाईने परत गेलं.

लंकाबाई टेबलाखालून निघाली होती, पण उभी राहिली नव्हती. उकिडवी बसून खालून वर नवऱ्याकडे बघत होती. मोबाईलमध्ये तो तळहाताएवढा होता, तोंडावर मास्क होता, आवाज खरखरीत होता. इथे तो अख्खा होता. मधली एक दाढ नसल्याचं दिसत होतं. कान लाल झाले होते. आणि खात्याचा हा दवाखाना नगरच्या सपाटीवरचा, त्याला ना चढ ना उतार.

मॅडमनी डोळे पुसले, पेन शोधलं, कागदावरचा चहा टिपला. "काकू," त्या म्हणाल्या. आवाज अजून सरळ होत नव्हता. "आता सांगा. मी काय लिहू? घरी हसतात का हे असे?"

मच्छिंद्रचं हसू अर्ध्यावर अडकलं. त्याने बायकोकडे पाहिलं.

लंकाबाई गुडघ्यावर हात ठेवून उठली. लुगड्याची धूळ झटकली. टेबलाची कड एका बोटाने दाबून पाहिली, मग दुसऱ्या बाजूने दाबून पाहिली. पिशवी उचलली. नवऱ्याकडे एकवार बघितलं आणि हसू कोंडायला पदराचा बोळा करून तो तोंडाशी घट्ट धरला. तिचे खांदे हलत होते. मग वळून, हिरवा पडदा हाताने सारून, ती 'न्हाई' न म्हणताच बाहेर निघून गेली.